ओट्याला धरून

गुडघे दुखतात हे सांगायला आमच्याकडे कोणी लाजत नाही. भिशीत, लग्नात, एस.टी. स्टँडवर, दोन बायका भेटल्या की तोच विषय. पण चालता चालता गुडघा मध्येच सुटतो आणि भिंत धरावी लागते, हे सहसा कोणी बोलत नाही. जळगावच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर माझंही तेच चाललं होतं. दुखण्यावर शेक, तेल, गोळी होती. धास्ती वेगळीच होती. उन्हाळ्यात गच्चीवरून वाळलेल्या बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पाटी घेऊन उतरताना दोन्ही हात गुंतलेले असायचे आणि पायरी कुठे आहे ते पायाला कळायचं नाही.

हळूहळू गच्ची सुटली. मेहरूण तलावावरचं सकाळचं फिरणंही सुटलं. घरचे म्हणत, "आता आराम कर." आरामाने मांड्या मात्र आणखी दुबळ्या झाल्या.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, झीज मध्यम आहे, ऑपरेशनची घाई नको, फिजिओथेरपी सुरू करा. फिजिओथेरपिस्ट माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. किती दुखतं, हे तिने विचारलंच, पण लगेच म्हणाली, "मॅडम, वर्षभरात कधी पडलात का? पडायची भीती वाटते का?" मग टेबलाजवळ एका पायावर उभं राहायला सांगितलं. उजव्या पायावर जमलं. डाव्यावर टेबल सोडलं तशी मी कलंडले, तिने सावरलं.

तिने समजावलं ते असं. सांध्याच्या आवरणात, अस्थिबंधांत आणि भोवतीच्या स्नायूंत बारीक संवेदक असतात. गुडघा किती वाकला, भार कुठे पडला, याची खबर ते मेंदूला देतात. सांधा झिजला, सुजला की ही खबर नीट पोचत नाही. त्यात दुखण्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू पुरता जोर लावत नाही आणि वापर कमी झाला की बारीक होत जातो. म्हणून गुडघा दगा देतो. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही, हे तिने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. पण स्नायूंची ताकद आणि तोल उतारवयातही सुधारतो.

जिम नाही, यंत्र नाही. स्वयंपाकघरातला ओटा तेवढा लागला. आधी दोन्ही पाय जुळवून, तळवे ओट्यावर टेकून उभं राहायचं. जमलं की नुसती बोटं टेकायची, मग हात ओट्याच्या जरा वर धरायचा. पुढची पायरी म्हणजे एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभं राहणं. मग एका पायावर, दहा सेकंदांपासून सुरुवात. गुडघा ताठ लॉक करायचा नाही, किंचित सैल ठेवायचा, कंबर एका बाजूला झुकू द्यायची नाही. ओट्याच्या कडेने आडवं चालायचं. खुर्चीतून हातांचा आधार न घेता सावकाश उठायचं आणि त्याहून सावकाश बसायचं, कारण धपकन बसण्यात मांडीला काही काम उरत नाही. हे सगळं नीट झाल्यावर घडी घातलेल्या गोधडीवर उभं राहायचं. मऊ जागेवर घोट्याला आणि गुडघ्याला सतत सावरावं लागतं. डोळे मिटून करायचं ते शेजारी कोणी असेल तरच.

दुखण्याचा नियमही तिने घालून दिला. करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणं वाढलेलंच राहिलं किंवा सूज आली तर पुढच्या वेळी निम्मं करायचं. चक्कर येत असेल, सांधा गरम होऊन सुजला असेल, मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. काठी घ्यायची ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. खान्देशातल्या मे महिन्यात हे सगळं ऊन चढण्याआधी उरकावं लागतं.

लेकीने 2019 ची अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची मार्गदर्शक तत्त्वं शोधून वाचून दाखवली. गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायामाची तिथे ठाम शिफारस आहे. चीनमधल्या ताई-ची या संथ व्यायामप्रकाराचीही आहे. नुसत्या तोलाच्या व्यायामांची शिफारस मात्र सशर्त आहे. त्यामुळे मांडीची ताकद, चालणं आणि तोल, तिन्ही मिळून करायचं, असं आम्ही ठरवलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याला माहेरी गेले. एरंडोल, पारोळा करत एस.टी. पोचली आणि त्या उंच पायरीवरून दांडी धरून मी स्वतः उतरले, कंडक्टरला हात मागितला नाही. दुसऱ्या सकाळी आईच्या ओट्याला धरून एका पायावर उभी होते, तर ती दारातून ओरडली, "माय, हाई काय करी ऱ्हायनी तू? पडी जाशी!" पडू नये म्हणूनच करते आहे, हे तिला पटायला वेळ लागला. माहेरच्या घराला उंच उंबरे, न्हाणीघर उतरतं आणि ओलं. आईची खरी कसोटी तिथेच. त्या मुक्कामात आम्ही न्हाणीघरात भिंतीला लोखंडी दांडी बसवून घेतली, पायपुसणी उचलली, रात्रीसाठी छोटा दिवा लावला. व्यायामाइतकंच हेही महत्त्वाचं.

माझा एक्स-रे बदललेला नाही. खूप वेळ मांडी घालून बसलं की अजून दुखतं, आणि कानबाईच्या उत्सवाच्या गर्दीत मी काठी नेते. पण गच्चीवर जाते. पाटी आता एका हातात मावेल एवढी लहान भरते, दुसरा हात कठड्याला. भिशीत कोणी गुडघ्याचा विषय काढला की मी तिला विचारते, "तोल जातो का गं?" बहुतेक जणी आधी नाही म्हणतात, मग थोड्या वेळाने जिन्याची गोष्ट सांगतात.