वाऱ्यावर शिजलेली कोळंबी

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या आजोबांना हृदयविकाराचा झटका आला. वेळींच उपचार झाल्यामुळें ते बचावले व बारा दिवसांनीं घरीं परत आले. परंतु येतांना डॉक्टरांनीं लिहून दिलेली एक यादीहि त्यांच्याबरोबर आली. कोणते पदार्थ वर्ज्य करावयाचे याची ती यादी होती, आणि तिच्या अगदीं पहिल्या ओळींत 'तळलेले पदार्थ' हे दोन शब्द होते.

वाचकांपैकीं जे कर्जतचे आहेत त्यांना या दोन शब्दांचें वजन सांगावयास नको. आजोबांची सारी नोकरी रेल्वेंत, आणि तीहि बहुतेक कर्जतलाच झाली. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. घाटाची चढण अशी विलक्षण कीं, पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनें जोडावीं लागत. तेवढ्या अवकाशांत उतारू खिडकींतून हात बाहेर काढून बटाटेवडे घेत. "गाडीला इंजिन आणि उतारूला वडा, दोन्ही कर्जतलाच मिळायचीं," असें आजोबा मोठ्या अभिमानानें सांगत. तरीपण वड्याहूनहि त्यांना अधिक प्रिय होती ती आजीच्या हातची लसणावर तळलेली कोळंबी. आमच्या कर्जत तालुक्याला समुद्र नाहीं. शेजारच्या खालापुरालाहि नाहीं. पावसाळ्यांत, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत घरोघर सुकट व जवळा यांवर भागवावें लागतें. परंतु एरव्हीं रविवारीं सकाळीं आजोबा पिशवी घेऊन स्वतः बाजारांत जात, आणि कोळंबी ताजी आहे कीं नाहीं हें तिचें डोकें हलवून पाहिल्याशिवाय ती घेत नसत.

आजारपणानंतर त्यांनीं एकाहि शब्दानें तक्रार केली नाहीं. उकडलेली भाजी व पोळी पानांत आली कीं, ते अर्धी खात आणि उठत. पूर्वीं जेवतांना त्यांच्या गोष्टी संपत नसत. आतां जेवणघरांत वाटी ठेवल्याचाहि आवाज ऐकूं येऊं लागला. वजन घटलें. आजी म्हणाली, "औषधांचें मला भय नाहीं रे, याच्या गप्प बसण्याचें आहे."

हें कळल्यावर डोंबिवलीच्या काकांनीं एक यंत्र पाठविलें. त्याचें नांव एअर फ्रायर. फिलिप्स कंपनीनें २०१० सालीं बर्लिन येथील प्रदर्शनांत या नांवाचें यंत्र प्रथम मांडलें, आणि आतां तें आमच्यासारख्या गांवांतहि येऊन पोंचलें आहे. आजीनें त्यास 'पेटी' असें नांव ठेवलें, व त्यावर एक फडकें घालून तें कपाटावर ठेवून दिलें. तें खालीं काढण्याचें धाडस मीं केलें.

यंत्राची रचना साधी आहे. वरच्या भागांत विजेनें तापणारी तार, तिच्यावर वेगानें फिरणारा पंखा, आणि खालीं छिद्रांची टोपली. पदार्थाभोंवतीं हवा स्थिर असली म्हणजे तिचा एक थंड, दमट थर पदार्थाला वेढून राहतो. पंखा हा थर सतत उडवून लावतो. त्यामुळें उष्णता आंत लवकर शिरते, पृष्ठभाग कोरडा होतो आणि त्यास तांबूस रंग चढतो. 'फ्रायर' म्हणजे तळणारा; पण खरें पाहतां हें तळणें नव्हेच, वाऱ्यावर भाजणें आहे.

कोळंबींत चरबी फार थोडी, परंतु कोलेस्टेरॉल बरेंच असतें. म्हणून आधीं डॉक्टरांना विचारलें. महिन्यांतून दोन वेळां, थोडी, आणि मीठ बेतानें, अशी परवानगी मिळाली. आजोबांना कांहींच न सांगतां मीं अर्धा किलो कोळंबी आणली. लसूण अगदीं बारीक चिरला, सर्व एकत्र कालविलें, टोपली कांठोकांठ भरली आणि २०० अंशांवर दहा मिनिटें लावलीं. उघडून पाहतों तों वरचा लसूण कोळसा झालेला, आणि खालची कोळंबी पांढरट पाण्यांत पोहत असलेली! घाबरून मीं आणखी दहा मिनिटें लावलीं. त्यानंतर जें निघालें तें चावतांना रबराची आठवण होत होती. आणि जळलेल्या लसणाचा कडवटपणा जिभेवरून जाईना.

आजोबांनीं तें सारें खाल्लें. एकहि तुकडा टाकला नाहीं. हात धुतांना एवढेंच म्हणाले, "बाळा, मीठ बेताचें आहे." त्यांनीं रागें भरलें असतें तर मला बरें वाटलें असतें. डॉक्टरांनीं दिलेल्या दोन वेळांपैकीं एक वेळ मीं अशी वायां घालविली होती. पेटी पुन्हां कपाटावर गेली.

पुढें जानेवारींत खालापूर तालुक्यांतील माझ्या आजोळीं पोपटीचा बेत ठरला आणि मामांनीं आजोबांनाहि आग्रहानें बोलाविलें. पोपटी ही आमच्या रायगड जिल्ह्याची थंडींतील मौज. वालाच्या शेंगा भरल्या कीं शेताच्या कडेला मडकें आणावयाचें, त्यांत भांबुर्डीचा पाला अंथरून शेंगा, बटाटे, कांदे, अंडीं, मीठ व ओवा घालावयाचा, तोंडाशीं पुन्हां पाला दाबून बसवावयाचा, आणि मडकें जमिनीवर उपडें करून भोंवतीं पेंढा, काटक्या व गोवऱ्या पेटवावयाच्या. तेल नाहीं, पाणीहि नाहीं. अर्ध्या तासानें मामांनीं मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले; चुर्र असा आवाज होऊन ते उडून गेले, तेव्हां पोपटी झाली असें सर्वांनीं ठरविलें.

जाळाजवळ बसलेले आजोबा बऱ्याच दिवसांनीं आपणहून बोलले. "काय रे, तुझी पेटी म्हणजे हेंच कीं! बिनतेलाचें, नुसत्या आंचेवर."

मला आनंद झाला. पण मामींनीं मान हलविली. "असें कसें, आजोबा? मडक्याचें तोंड आम्ही दाबून बंद करतों तें वाफ कोंडावी म्हणून. त्याच्या पेटींत तर वारा खेळतो म्हणे. वारा असल्यावर वाफ राहील कशी?"

मडकें उलटें करून रिकामें केलें तेव्हां पाल्याच्या वासाची वाफ तोंडावर आली. शेंगा ओलसर व मऊ होत्या. कुरकुरीत एकहि नव्हती. मी तेथेंच थबकलों. मीं पेटीला मडकें समजून भरलें होतें! दाटीवाटीनें भरलेल्या टोपलींत वारा शिरलाच नाहीं. कोळंबीचें पाणी सुटलें व ती आपल्याच वाफेंत उकडली. शेंगेला वाफ पाहिजे आणि ती अर्धा तास कोंडली तरी चालते. कोळंबीचें मांस मात्र कांहीं मिनिटांतच शिजतें, आणि त्यापुढें तें आखडत जाऊन आंतील रस पिळून बाहेर टाकतें. शाळेंत उष्णतावहनाचे तीन प्रकार मीं तोंडपाठ केले होते, पण त्यांचा उपयोग कसा करावयाचा हें मामींना अधिक ठाऊक होतें.

फेब्रुवारींतील एका शनिवारीं संध्याकाळीं पेटी पुन्हां खालीं उतरली, आणि या वेळीं आजी पाटावर शेजारीं येऊन बसली. पाव किलोच कोळंबी. कवच काढून, पाठीवरचा काळा दोरा ओढून, शेपटी तेवढी ठेवलेली. हळद, तिखट, चिमूटभर मीठ आणि चमचाभर कोकमाचें आगळ लावून पंधरा मिनिटें ठेवली. मग फडक्यावर पसरून टिपून घेतली, कारण ओल राहिली तर वाऱ्याचा निम्मा जोर ती सुकविण्यांतच जातो. मी लसूण सोलावयास बसलों तोंच आजीनें माझ्या हातांतून तो काढून घेतला. "सोलतोस काय? सालीसकट ठेच. साल जळेल, आंतला गर राहील." दहा पाकळ्या तिनें बत्त्याच्या एकेका ठोक्यानें फोडल्या. एक चहाचा चमचा तेल सर्वांना मिळून लावलें. पेटी तीन मिनिटें रिकामीच तापविली व एकीला दुसरी लागणार नाहीं अशा बेतानें कोळंबी मांडली. १९० अंश, सहा मिनिटें. तिसऱ्या मिनिटाला टोपली एकदां हालविली.

पांचवें मिनिट संपतें न संपतें तोंच वीज गेली.

मी टोपली ओढणार, तोंच अंधारांतून आजोबा म्हणाले, "राहूं दे. आंत ऊब आहे." मग वीज येईपर्यंत काय करावयाचें म्हणून कीं काय, ते सांगूं लागले: शेजारच्या खालापूर तालुक्यांत खोपोलीला टाटांनीं १९१५ सालीं वीजगृह चालू केलें, लोणावळ्याकडच्या तलावांचें पाणी नळांतून सुमारें ५०० मीटर खालीं आणून त्यावर चक्रें फिरविलीं, आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना दिली. पुढें १९२२ सालीं आपल्याच तालुक्यांत भिवपुरीलाहि वीजगृह झालें. "आपल्या डोंगराचें पाणी, अन् उजेड आधीं मुंबईला!" असें म्हणून ते हंसले. मला ती हकीकत नवी होती; पण त्याहून अधिक नवें होतें तें त्यांचें हंसणें. आजीनेंहि मेणबत्ती लावण्याची घाई केली नाहीं.

मेणबत्तीच्या उजेडांत टोपली उघडली. कोळंबी अर्धचंद्रासारखी वळलेली होती. पूर्ण वेटोळें झालें नव्हतें, म्हणजे ती अति शिजली नव्हती. कडा तांबूस, आणि मांस दातांखालीं सहज तुटणारें. राहिलेल्या एका मिनिटाचें काम आंतल्या उबेनें केलें होतें. त्यानंतर मीं वेळ पांच मिनिटांचाच ठेवला आहे. लसणाची साल काळी पडली होती, परंतु बोटांनीं दाबतांच आंतून मऊ, गोडसर गर निघाला. तो आजोबांनीं भाकरीला लावला.

पातेल्यांत पुष्कळ तेलावर जशी होते तशी ती झाली होती असें मी म्हणणार नाहीं. तो चरचराट व तेलांत उतरलेला लसणाचा वास या पेटीला साधत नाहीं, आणि आजीनें तसें तोंडावर सांगितलेंहि. आजोबांनीं मात्र पानाच्या कडेला शेपट्या एका ओळींत लावल्या, अकरा होत्या. बारावी त्यांनीं मागितली, ती आजीनें दिली नाहीं, आणि त्यावरून दोघांचें बरेंच भांडण झालें. तें ऐकत मीं टोपली धुतली, पण घाईंत नीट धुतली नसावी. कारण दुसऱ्या दिवशीं ताईनें त्यांत पाव भाजला तेव्हां त्यास कोळंबीचा वास येत होता.