बारा चित्रांचा कॅमेरा

छंद आणि खिसा यांचे फारसे पटत नाही. त्यातून छंद फिल्मच्या मोठ्या कॅमेऱ्याचा असला तर विचारूच नका! मोबाइलवर फुकटात फोटो निघत असताना मला हे खूळ का लागले, असे वसतिगृहातील मित्र नेहमी विचारतात. त्यांच्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे मूळ गाव अमळनेर तालुक्यातले. पण बिऱ्हाड अनेक वर्षे सुरतजवळ सचिन येथे आहे. सचिन म्हटले की सर्वांना क्रिकेटच आठवते! वास्तविक हे एका जुन्या सिद्दी संस्थानाचे गाव. आता तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. आप्पा तेथे कापड रंगविण्याच्या मिलमध्ये आहेत. या दिवाळीला ते काम सोडून गावी जाणार. तत्पूर्वी त्यांचा कामाच्या कपड्यांतला, मोठा करून भिंतीवर लावता येईल असा फोटो काढावा, एवढाच माझा हट्ट.

मोठा कॅमेरा म्हणजे 120 नंबरची फिल्म. कोडॅकने ती 1901 साली काढली. आजही ती मिळते. नेहमीच्या फिल्मवरचे चित्र 24 बाय 36 मि.मी., तर हिच्यावरचे चौकोनी चित्र 56 बाय 56. म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक! चित्र मोठे केले तरी चेहऱ्यावरच्या रेषा विरत नाहीत. मात्र एका रोलात चित्रे बाराच. आप्पांच्या तरुणपणीचा घरातला एकमेव फोटो याच फिल्मवरचा, बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक-थ्रीने काढलेला.

मुंबईच्या बोरा बाजारात जुने कॅमेरे पाहिले. मामिया आरबी 67 फार आवडला. पण वजन लेन्ससह अडीच किलोंच्या घरात. खांद्यावर तो, हातात तिपाई आणि सचिनला थांबणारी ती खच्चून भरलेली पॅसेंजर! तेव्हा होमाई व्यारावाला आठवल्या. सचिनहून जवळच असलेल्या नवसारीत 1913 साली त्या जन्मल्या. देशातील या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार दिल्लीत साडी नेसून, सायकलवर सामान घेऊन हिंडत. त्यांच्याजवळ दोन भिंगांचा रोलीफ्लेक्स असे. त्याच धाटणीचा यशिका मॅट 124जी मला शिष्यवृत्तीच्या पैशांत परवडला. वजन सुमारे एक किलो. लेन्स बदलता येत नाही, म्हणून दुसऱ्या लेन्सचे ओझेही नाही.

सामान एका शबनममध्ये मावले: दोन रोल, लेन्सचे हूड, मऊ फडके आणि भिंगावर बुरशी चढू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या. कॅमेऱ्यातल्या मीटरचा पाऱ्याचा सेल आता निघत नाही. तेव्हा प्रकाश मोबाइलवरच मोजतो. मित्रांनो, हसा खुशाल! तिपाई घरीच ठेवली. 400 च्या फिल्मवर, गळ्यातला पट्टा ताणून धरला की साठाव्या भागाच्या सेकंदाला हात हलत नाही.

मिलच्या आत फोटोला परवानगी मिळाली नाही. पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी आप्पांना उभे केले. या कॅमेऱ्यात वरून, मान खाली घालून पाहावे लागते. आप्पा हसून म्हणाले, “इतलं वजन कसाले रे?” रंगाचे हात ते सारखे पाठीमागे लपवीत होते. आठ चित्रे तशीच गेली. नवव्या वेळी चहा आला, त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि मी खटका दाबला. उरलेली तीन चित्रे त्यांच्या सोबत्यांची काढली.

फिल्म कृष्णधवल, रंग काही उमटला नाही, पण नखांतला काळपणा स्वच्छ उमटला आहे. आईने तो फोटो देवघराशेजारी लावायचे ठरविले आहे. आप्पा मात्र म्हणतात, हात धुऊन पुन्हा एक काढ.

कोणाला असा कॅमेरा घ्यावयाचा असेल तर एवढेच सांगेन: लेन्सची कीर्ती ऐकण्यापूर्वी सगळे सामान पिशवीत भरावे आणि वसतिगृहाचे तीन जिने चढून पाहावे. ज्याने धाप लागत नाही, तो कॅमेरा आपला.