पितृपंधरवड्यात बदललेले पाटे

आमच्या घरातल्या सगळ्या चुलत-आत्ये भावंडांना एक आवाज सारखाच आठवतो. धारूरच्या घाटात पिकअपच्या स्प्रिंगचा मेन पाटा मोडला, तो काडकन आवाज. मागे मुगाची पोती, पोत्यांवर आम्ही पाचजण. गाडी डाव्या अंगाला बसली आणि चाक मडगार्डला घासायला लागलं. आबांनी वाकून बघितलं, काही न बोलता बाभळीचा एक ओंडका शोधून आणला, तो धुरा आणि चेसिसच्या मधे ठोकून बसवला, वरून कासरा गुंडाळला आणि बैलगाडीच्या चालीनं गाडी घरी आणली.

गाडी महिंद्राची. पुढून जीप, मागे उघडा हौदा. कंपनीनं १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, त्या घराण्यातलं हे नातवंड. आजोबांचे पाटे नातवानं तसेच ठेवलेले. बीड शहराला अहिल्यानगरकडून रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर आमच्याकडचं लग्न, आजारपण, बाजार सगळं पाट्यांवर चालायचं. एसटीच्या, ट्रकच्या, नाहीतर आबांच्या.

मोडलेला पाटा वेल्डिंग करून घ्या, असं गावात दोघातिघांनी सुचवलं. आबांचं म्हणणं, डाग लागलेला पाटा डागाच्या शेजारीच मोडतो. नवेच घ्यायचे, आणि दोन्ही बाजूंचे, नाहीतर गाडी लंगडी उभी राहते. पण पितृपंधरवडा तोंडावर आलेला. आजीनं बजावलं, पक्षात नवी वस्तू घरात येणार नाही. मग पाटे अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशीच आणून तिच्याच बाजेखाली ठेवले. बसवायला तिची हरकत नव्हती. शास्त्र फक्त खरेदीपुरतं होतं.

यू बोल्ट गंजून दगड झालेले. रात्री त्यांच्यावर रॉकेल ओतलं. सकाळी दोन सुटले, उरलेले दोन काकानं एक्सा ब्लेडनं कापले. तीन पाती मोडली आणि प्रत्येक पात्यामागे काकाची एक शिवी आम्हाला नवी कळली. पुढच्या चाकांना दगड लावलेले, मागून चेसिसखाली लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, हा नियम आबांनी आम्हाला पाढ्यासारखा म्हणायला लावला होता.

एक गोष्ट मी अगदी जवळून बघितली, कारण बॅटरी माझ्या हातात होती. पाट्यांची चवड मधोमध एका बोल्टनं बांधलेली असते. त्या सेंटर बोल्टचं डोकं धुऱ्यावरच्या भोकात नेमकं बसावं लागतं. बोटभर चुकलं तर धुरा तिरका होतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. आबा डोळे मिटून बोटानं ते भोक चाचपत होते.
"उजेड नीट धर की! कामून हालतोस?"
मी हलत नव्हतो. माझा हात हलत होता.

चारी नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. पण टोकांचे बोल्ट ढिलेच ठेवले. गाडी चाकांवर उभी राहून पाटे वजनाखाली दबल्यावर ते आवळायचे, नाहीतर आतले बुश पिळून फाटतात. आता वजन कुठून आणायचं? आबांनी हाक मारली, "लेकरं घ्या हौद्यात!" आम्ही अकरा लेकरं, दोन काकू, आणि नको नको म्हणत शेवटी आजीसुद्धा चढली. काकानं वितीनं चाक ते मडगार्ड अंतर मोजलं, आणि आम्हाला ओझं म्हणून बसवून खालून पाना फिरवला. हालायला बंदी होती. धाकटीला शिंक आली, तरी काका खालून ओरडला.

घटस्थापनेनंतर सीताफळं निघाली. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्यासाठी तेव्हा ते डोंगरातलं फुकटचं फळ. डोळे उघडले की तोडायचं, दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. नवे पाटे इतके ताठ, की माजलगावला पोचेपर्यंत तळची दोन पाट्या फळं पिठल्यासारखी झाली. आबा गप्प. काकू म्हणाली, "जुन्या पाट्यांना माया होती." दुसऱ्या खेपेला तिनं खाली सरमाडाच्या पेंढ्या अंथरल्या आणि फळं पोचली. यू बोल्ट पुन्हा आवळायचे, ते त्या खेपेनंतर.

काढलेले पाटे भंगारात गेले नाहीत. पाट्याचं पोलाद म्हणजे लोहाराला सोनं. दसऱ्यानंतर गल्लीतले निम्मे लोक ऊसतोडीला जायचे; नवराबायकोच्या जोडीलाच तिथं 'एक कोयता' म्हणतात. आमच्या एका पाट्यातून लोहारानं शेजारच्या दोन घरांना कोयते घडवून दिले. तो पाटा आमच्याहून आधी कारखाने बघून आला. उरलेल्या तुकड्याचं काकूनं विळीचं पातं करून घेतलं. आता आम्ही सगळे गावाला जमलो, की भाजी चिरायला तीच विळी निघते, आणि धाकटी तिच्यावर बसायच्या आधी दर वेळी विचारते, "हालू नको म्हणणारं कुणी आहे का खाली?"