बासर: पाटी झाली, आता मैदान

हैदराबादहून निजामाबादमार्गे निघालं की साधारण दोनशे किलोमीटरवर गोदावरीचा पूल लागतो. पूल ओलांडला की बासर. पुढचं मोठं स्टेशन धर्माबाद, म्हणजे आपला नांदेड जिल्हा. त्यामुळे बासरला तेलुगूइतकीच मराठीही कानावर पडते. व्यासांनी वाळूच्या तीन मुठींतून सरस्वतीची मूर्ती घडवली, आणि ‘व्यासर’चं पुढे मराठी वळणाने ‘बासर’ झालं, अशी आख्यायिका आहे. पूर्वी हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात होतं. 2016 पासून ते निर्मल जिल्ह्यात आहे.

आपल्यापैकी बरेचजण इथे मुलांच्या अक्षराभ्यासासाठी येतात. आम्हीही लेकीला घेऊन गेलो होतो. परतताना वाटेतल्या एका गावात चहाला थांबलो. शेजारीच मुलांचं मैदान होतं. तेलंगणात 2022 मध्ये गावोगावी क्रीडा प्रांगणं उभारायची योजना सुरू झाली. खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल, लांब उडी अशा खेळांची. या मैदानावर व्यायामाचे बार होते, पण खो-खोचा एकच खांब उरला होता आणि उडीच्या खड्ड्यात गवत. मुलं खेळत होती ती बाहेर रस्त्यावर.

चहावाले काका म्हणाले, “काळी माती हो दादा. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा. पोरं पाय मोडून घेतील.”

गोष्ट खरी आहे. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आक्रसते. तिच्यावर नुसती चुन्याची रेघ मारून मैदान होत नाही. वरची माती काढायची, मुरूम पसरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, कडेने चर खणायचा. खो-खोचं मोठ्यांचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असतं. मधल्या रेषेपासून कडेपर्यंत 8 मीटर. एक टक्का उतार द्यायचा तर फरक फक्त 8 सेंटीमीटरचा! तेवढ्यावर पाणी वाहून जातं.

आणि हे एकदा करून भागत नाही. अमेरिकेतल्या आपल्या भावंडांना विचारा. तिथे लहान मुलांच्या बेसबॉल मैदानात दोन बेसमध्ये 60 फूट अंतर असतं, मोठ्यांच्या 90. आतल्या मातीच्या भागावर खेळून खड्डे पडतात, ते पुन्हा भरून दाबावे लागतात. कितीतरी ठिकाणी हे काम मुलांचे आईबाबाच करतात.

इथेही तेच हवं. ग्रामीण रोजगार हमीतून मैदानाची कामं करता येतात. पण पावसाळ्यानंतर दरवर्षी मुरूम कोण टाकणार, हे गावाने आधी ठरवायला हवं. खो-खोचे नियम 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर तयार झाले. तो खेळ सीमेवरच्या या मुलांना जागेअभावी सोडावा लागू नये.

पुढच्या वेळी बासरला जाताना देवीसाठी पाटी-पेन्सिल न्याल, तेव्हा गाडीत एक व्हॉलीबॉलची जाळी आणि चुन्याची पिशवीही ठेवा. वाटेत मैदान दिसलं की मुलांना हाक मारा. रेघा आखायला अर्धा तास पुरतो.