आधी रस्ता पाहा, मग सायकल : नांदेड ते लातूर

मूल दहावी होऊन पुढच्या शिक्षणाला तालुक्याच्या गावी जाणार असले, की घरात जेवताना एक विषय निघतोच. “मला रेसची सायकल पाहिजे.” आई म्हणते, एवढी बारीक चाके, त्यावर दप्तर कुठे ठेवशील? आजोबा म्हणतात, आमची काळी सायकल तीस वर्षे चालली, तिला काय झाले? वडील काही बोलत नाहीत. ते मनातल्या मनात सोयाबीनचे कट्टे मोजत असतात.

वाचकहो, आपणही आधी त्या कट्ट्यांचाच हिशेब करू. वाकड्या हँडलची, हलक्या चौकटीची, बऱ्यापैकी गियर असलेली सायकल आज साधारण ३० ते ४० हजारांना पडते. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने ३० हजार म्हणजे साडेपाच क्विंटलहून जास्त सोयाबीन झाले. आणि हमीभाव दरवेळी हातात पडतोच असे नाही, हे तुम्हांला सांगायला नको. एवढा माल घालून आणलेली वस्तू सहा महिन्यांत गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत पडली, तर पैसा जातो आणि पोराचे जाणे-येणेही अडते.

आता दुसरी बाजू पाहा. त्यापेक्षा मोटारसायकलच देऊन टाकू, असे पुष्कळ घरांत ठरते. रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर धरले तर निदान अर्धा लिटर पेट्रोल लागते. शंभराच्या वरचा भाव धरला तर कॉलेजच्या २०० दिवसांचे दहा हजारांहून जास्त होतात. शिवाय अकरावी-बारावीचे मूल अठरा वर्षांचे नसते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा सायकलीचा विचार काही पोरखेळ नाही. फक्त तो रंग पाहून करू नये.

म्हणून दुकानात शिरण्याआधी आपण रस्त्यावर जाऊ. नांदेडहून लातूर सुमारे १४० किलोमीटर. तुमच्या मुलाला रोज एवढे जायचे नाही, हे खरे. पण मराठवाड्यातल्या रस्त्याचे सगळे गुणदोष या एका वाटेवर भेटतात. तुमच्या गावची वाट यातल्या कोणत्या तुकड्यासारखी आहे, ते ओळखा, म्हणजे सायकल आपोआप ठरेल.

नांदेडात गोदावरी ओलांडून लातूर फाट्याकडे आलो, की विष्णुपुरीपर्यंत विद्यार्थ्यांची वर्दळ दिसते. १९८१ सालचे गुरू गोविंदसिंहजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय इथे आहे. १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही इथेच आहे. हा रस्ता डांबरी, सपाट. इथे बारीक टायरची सायकल पाण्यासारखी पळते. ताशी वीस किलोमीटरचा वेग आला, की सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. वाकडे हँडल असते ते यासाठी. खाली वाकले की छातीवर येणारा वारा कमी होतो. आणि या वाटेला वारा आहेच. नांदेडहून लातूरकडे जाताना तोंड नैर्ऋत्येकडे असते आणि पावसाळी वारा नेमका तिकडूनच येतो. जून ते सप्टेंबर जाताना वारा अंगावर, येताना पाठीवर. ज्याला रोज एका बाजूने दहा किलोमीटरहून जास्त, तेही डांबरीवरून जायचे आहे, त्यालाच वाकड्या हँडलचा खरा लाभ. ज्याची शाळा दोन-तीन किलोमीटरवर आहे, त्याने त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये.

पुढे सोनखेड, मग लोहा. महामार्ग सोडून एखाद्या फाट्याने आत वळलात की काळी जमीन लागते. पावसाळ्यात ही माती चाकाला कशी धरते ते तुम्ही जाणताच. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल बसला की चाक जाम. बारीक टायरच्या सायकलीला तिथे बोटभरही जागा नसते, मग ती खांद्यावर घेऊनच चालावे लागते. पाऊस संपला की दुसरा वैरी उभा राहतो, तो म्हणजे काटा. बांधावरची बाभूळ, गावठाणाभोवतीची वेडी बाभूळ आणि रस्त्याच्या कडेचे सराटे. सराटा कसाही पडला तरी एक टोक वरच ठेवतो. म्हणून दुकानदार २३ किंवा २५ मिलिमीटरचे टायर दाखवू लागला, तर नको म्हणा. निदान २८ आणि शक्य तर ३२ मिलिमीटरचे मागा. चौकटीत तेवढे टायर आणि वर मडगार्ड बसतात का, हे घेण्याआधीच पाहा. मागाहून चौकट रुंद होत नाही.

इथेच व्हॉल्व्हची गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुष्कळांची गाडी इथे अडते. गावच्या पंक्चरवाल्याचा पंप जुन्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हला बसतो. रेसच्या सायकलीला पुष्कळदा बारीक, वरची टोपी फिरवून सोडायचा व्हॉल्व्ह असतो, त्याला तो पंप लागत नाही. मग हवा भरायला तालुक्याला जायचे की काय? दुकानातूनच पितळी जोडतुकडा मागून घ्या, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. एक दप्तरात आणि एक पंक्चरवाल्याकडे ठेवा. त्या मापाच्या दोन जादा ट्यूबही त्याच दिवशी घ्या, कारण हे माप आठवड्याच्या बाजारात सहसा मिळत नाही.

लोह्यापुढे माळेगाव. खंडोबाची यात्रा इथे मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा मोठा बाजार असतो. तिथे जाणता माणूस घोडा कसा घेतो? झूल पाहून नाही. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो. सायकलही तशीच घ्यावी. इथेही दातेच मोजायचे आहेत, पण चेनच्या चक्रांचे.

कारण माळेगाव, माळाकोळी, अहमदपूर हा सगळा बालाघाटाचा उंचसखल भाग आहे. लातूर नांदेडपेक्षा अडीचशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, म्हणजे जाताना चढ जास्त. आजोबांच्या सायकलीला समोर ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे ठीक आहे. चढावर मात्र एवढे अंतर एका फेरीत ओढायचे म्हणजे उभे राहून सगळे वजन पायडलवर द्यावे लागते, आणि शेवटी उतरून ढकलावी लागते. गियरच्या सायकलीला समोरच्या लहान चक्राला ३४ आणि मागच्या मोठ्या चक्राला ३२ दाते असतील, तर एका फेरीला ती सव्वादोन मीटरच जाते. वेग कमी होतो, पण बसल्या जागी चढ चढता येतो. दुकानदार “एकवीस गियर, चोवीस गियर” असे मोठे आकडे सांगेल. तुम्ही विचारा, समोरचे सर्वांत लहान चक्र किती दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे किती? समोर ३४, मागे निदान २८, आणि ३२ असले तर उत्तम. एकूण गियर सोळा असले तरी पुरे.

गियर वापरणे म्हणजे कमजोरी, असे कोणी म्हणाले तर त्याला फ्रान्सची गोष्ट सांगा. तिथली ‘तूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू झाली. चालत्या सायकलीवर गियर बदलण्याची यंत्रे तिथे १९३७ पर्यंत वापरू देत नसत. आज त्या शर्यतीतला सर्वांत तगडा गडीही डोंगरात गियर बदलतो. आणि आपल्याच राज्यातले, नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण करून आले. सायकल ही फक्त गरिबाची गाडी, हा समज आता मागे पडला आहे.

अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड असे करीत रस्ता लातूरला येतो. हा महामार्ग आता बराचसा चौपदरी झाला आहे. गुळगुळीत रस्ता सायकलीला सुखाचा, पण जिवाला धोक्याचाही. उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल आणि हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, या दोन्ही रोजच्या गोष्टी आहेत. म्हणून ३० हजार ठरवले असतील तर सगळे सायकलीत घालू नका. त्यातले तीन हजार बाजूला काढा. त्यात शिरस्त्राण, मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा, कुलूप, लहान पंप आणि जादा ट्यूब. मुलाला शपथ घालण्यापेक्षा दिवा घालून द्यावा. अंधार पडण्याआधी घरी, हा नियम मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही सारखाच.

आता आलो लातूरच्या गंजगोलाईत. मधोमध जगदंबेचे देऊळ आणि चहूकडे फुटणारे सोळा रस्ते. शिकवण्यांसाठी गावोगावची मुले या शहरात येतात. लातूर असो की नांदेड, सायकलीच्या दुकानात काय पाहावे ते आता क्रमाने सांगतो.

पहिले माप. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे करा. दोन पायांमध्ये जाड वही वर दाबून धरा आणि तिची वरची कड भिंतीवर खुणेने टिपा. जमिनीपासून त्या खुणेची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिला ०.६७ ने गुणा. उंची ८० आली तर ५३-५४ सेंटिमीटरची चौकट. “वाढत्या अंगाची आहे, मोठी घ्या,” असा सल्ला कपड्याला चालतो, सायकलीला नाही. मोठ्या चौकटीने पाठ धरते आणि अडचणीच्या वेळी पाय जमिनीला लागत नाही. मुलीसाठी वरची दांडी उतरती असलेली चौकट मागा.

दुसरे धातू. या पैशात ॲल्युमिनियमची चौकट मिळते. सायकल दहा-बारा किलोची होते, काळी सायकल वीस किलोच्या घरात जाते. मात्र ॲल्युमिनियम मोडले तर गावच्या वेल्डिंगवाल्याकडे जोडून मिळत नाही. म्हणून चौकटीच्या हमीचा कागद आणि पावती जपून ठेवा. कार्बनच्या नादी लागू नका.

तिसरे ब्रेक. रिमवर रबर दाबणारे ब्रेक सोपे, कोणीही दुरुस्त करतो. चकतीचे ब्रेक चिखलात चांगले, पण घ्यायचेच तर तारेचे घ्या, तेलाचे नकोत.

चौथे भोके. ऐकून हसाल, पण मागच्या चाकाजवळ कॅरियर आणि मडगार्ड बसवायची भोके आहेत का, ते पाहा. शर्यतीच्या पुष्कळ सायकलींना ती नसतात, आणि मग आईचा प्रश्न खरा ठरतो. दप्तर पाठीवर, डबा हातात.

पाचवे किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पावतीवर कर वाचून घ्या.

आणि एवढे सगळे पाहून तुमची वाट अर्धी कच्ची आहे असे ध्यानात आले तर? मग सरळ हँडलची, ३५ ते ४० मिलिमीटर टायरची, गियरची साधी सायकल घ्या. ती निम्म्या पैशात येते. मुलाची समजूत घाला. उरलेल्या पैशात वर्षाची फी भागेल. आठवी ते बारावीतली मुलगी शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहत असेल, तर शाळेत मानव विकास कार्यक्रमाची चौकशी करा. त्या कार्यक्रमात असलेल्या तालुक्यांत मुलींना सायकलीसाठी शासनाचे पैसे मिळतात. ही रक्कम २०२२ साली ३,५०० वरून ५,००० रुपये झाली.

सायकल घरी आली की तिची निगा मुलाच्या अंगावर टाका. चेनला इंजिनचे जळके तेल घालू नये, त्यात धूळ धरते. घरातले करडीचे तेल तर मुळीच नको, ते वाळून चिकट होते. कोरड्या फडक्याने चेन पुसावी आणि सायकलीच्या तेलाचे थोडेच थेंब सोडावेत. महिन्याभरात नव्या तारा ताणून सैल पडतात, गियर अडू लागतात. तेव्हा घाबरू नका, त्याच दुकानात नेऊन ताणून आणा आणि चाकाचा आऊट काढून घ्या. पैसे देण्याआधीच हे पहिले काम फुकट करून देण्याचे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्या. गावच्या सायकलवाल्यालाही एकदा सायकल दाखवा, उलटी करून सगळी पाहू द्या. रात्री-अपरात्री अडले तर तोच धावून येणार आहे.