आखनमधलं माझं सेमिस्टर

बीईच्या सातव्या सेमिस्टरला, म्हणजे 2011 च्या ऑक्टोबरमध्ये, मी जर्मनीतल्या आखन शहरात शिकायला गेलो. मुक्काम जेमतेम पाच महिन्यांचा. पण त्यासाठी बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं, आणि टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीतून परदेशी शिकायला जाणारा मी पहिलाच. निरोपाला अर्धी गल्ली आली होती.

पोचलो तो शनिवार, 1 ऑक्टोबर. आपल्याकडच्याच एका सीनियरनं खोलीची किल्ली घेऊन ठेवली होती. ती माझ्या हातात देऊन तो लगेच गावाला गेला. रविवारी दूध-ब्रेड आणायला बाहेर पडलो तर सगळी दुकानं बंद. जर्मनीत रविवारी दुकानं उघडत नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बरं, उद्या बघू म्हटलं, तर सोमवार 3 ऑक्टोबर. दोन्ही जर्मनी एक झाल्याची राष्ट्रीय सुट्टी! आईनं दिलेला चिवडा आणि वाटायला म्हणून नेलेला कुंदा, यांवरच मी दिवस काढत होतो.

सोमवारी दुपारी शेजारच्या खोलीतला मुलगा स्वयंपाकघरात भेटला. मी कुंद्याचा डबा पुढे केला. त्यानं दोनदा घेतला आणि माझी अडचण ऐकून म्हणाला, "चल, नेदरलँड्सला जाऊ. तिथं आज सुट्टी नाही."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण खरंच आम्ही शहर बसमध्ये बसलो आणि थोड्याच वेळात फाल्स नावाच्या डच गावात उतरलो. वाटेत ना चौकी, ना पासपोर्ट. फक्त पाट्यांवरची भाषा बदलली. आपण बेळगावहून शिनोळीला जातो, तसंच. दूध, अंडी, कांदे घेऊन परत जर्मनीत! जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम या तिन्ही देशांच्या सीमा फाल्सजवळच्या एका टेकडीवर मिळतात.

परतताना त्यानं विचारलं, "तू भारतात कुठला?" या प्रश्नाला मी नेहमी अडखळतो. कर्नाटकातला म्हणावं, तर पुण्या-मुंबईकडचे विचारतात, मग मराठी इतकं चांगलं कसं? मी म्हटलं, "राज्य कर्नाटक, पण घरात मराठी." तो हसला. "मी बेल्जियन. पण घरात जर्मन."

त्याचं गाव ऑयपेन, आखनपासून अगदी जवळ. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, तो भाग जर्मनीकडून बेल्जियमकडे गेला. बेल्जियमच्या तीन राजभाषांपैकी जर्मन ही सर्वांत छोटी, पण त्या लोकांची स्वतःची विधानसभा आहे, शाळा जर्मन आहेत. त्याची पणजी घर न बदलता देश बदलून बसली होती. आमच्या आज्जीनंही घर न बदलता 1956 मध्ये मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात मुक्काम हलवला, हे मी त्याला सांगितलं. परदेशात माझं गाव पहिल्यांदा कुणाला तरी एका वाक्यात समजलं होतं.

मग कॉलेज सुरू झालं. वेळापत्रकात दहा लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू व्हायचा. तास संपला की मुलं टाळ्या न वाजवता बाकावर बोटांनी टकटक करायची. हजेरी कुणी घेत नव्हतं. गृहपाठ केला नाही तर कुणी विचारायचंही नाही. पहिला महिना मला हे स्वातंत्र्य वाटलं.

तिथं परीक्षेला बसायचं तर प्रत्येक विषयासाठी आपली आपण नोंदणी करावी लागते, तीही ठरलेल्या तारखेपर्यंत. आपल्याकडे क्लार्क फॉर्म भरून घेतो, नोटीस बोर्डावर नावं लागतात, शेवटच्या दिवशी दंड भरूनही काम होतं. मी तसंच समजून बसलो. सूचना जर्मनमध्ये आल्या होत्या. विचारायला लाज वाटली. एका विषयाची तारीख निघून गेली. ऑफिसात गेलो, विनवणी केली. बाईंनी शांतपणे सांगितलं, आता काही करता येणार नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी घरी खोटं बोललो. दर रविवारी स्काइपवर "सगळं छान" म्हणायचो. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडायचा. मी खोलीतच बसायचो. डोक्यात बाबांच्या कर्जाचा हप्ता. शेवटी शेजाऱ्यानंच दार वाजवलं. नाताळासाठी घरी निघाला होता. हातात आखनच्या प्रिंटन नावाच्या मसालेदार बिस्किटांचा पुडा होता. "कुंद्याची परतफेड," म्हणाला. त्याच्याजवळ मी पहिल्यांदा सगळं बोललो. तो म्हणाला, "आधी घरी सांग. बाकीच्या नोंदण्या आत्ताच बघू." आणि गाडी चुकेल म्हणून उभ्याउभ्याच त्यानं माझ्या उरलेल्या चार विषयांची यादी तपासून दिली.

रविवारी बाबांना सांगितलं. स्क्रीनवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चार राहिलेत न्हवं? ते नीट दे. ह्यो विषय हितं येऊन देता येतंय की." मागून आज्जीचा आवाज आला, "जेवलास काय?"

चारही विषय सुटले. एकात 1.7 मिळाले. बाबांनी काळजीनं विचारलं, "दहापैकी?" तिथं 1.0 सर्वांत उत्तम आणि 5.0 म्हणजे नापास, हे समजावताना मी खूप दिवसांनी हसलो. राहिलेला विषय आठव्या सेमिस्टरला बेळगावात दिला.

आता आपल्याकडची बरीच मुलं बाहेर शिकायला जातात. पहिल्या आठवड्यात परीक्षेच्या नोंदणीच्या तारखा काढून भिंतीवर लावा. मोडक्या भाषेत का होईना, विचारा. डब्यात वाटण्यासारखं काहीतरी न्या. आणि रविवारच्या फोनवर खरं सांगा.