ऐरणीवरचे आंकडे

जुन्या वस्तूवरील आंकडे वाचतां आले म्हणजे ते कळले असें नव्हे. ते कोणत्या मापाचे, हेंही ठाऊक असावें लागतें. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील लोहारसाळांतून अजून कोठें कोठें जुन्या विलायती ऐरणी दृष्टीस पडतात. त्यांच्या कुशीवर बहुधा तीन सुटे आंकडे ठोकलेले असतात. त्यांत ऐरणीचें वजन आहे, हें लोहारांच्या घरीं ऐकून माहीत असतें. पण तें काढावयाचें कसें, हें सांगणारीं माणसें आतां थोडीं.

शहराजवळच्या एका गांवीं अशीच एक साळ मोडावयाची ठरली. घरधनी वारलेला, मुलगा नोकरीनिमित्त मुंबईस राही, तो तेवढ्यापुरता आला होता. मोडीच्या व्यापाऱ्यानें ऐरण नुसती हातानें डुलवून पाहिली व "दीड मण, साठ किलो" असा अंदाज केला. मुलाच्या आईस तें पटेना. "भाऊ, आमचे मामंजी ही साडेसहा मणांची म्हणून सांगत. मुंबईहून आणलेली," त्या आम्हांस म्हणाल्या. मुलगा हंसला. आज मण म्हणजे चाळीस किलो. त्या हिशेबानें ऐरण दोनशें साठ किलोंची व्हावी! आजोबांची ही बढाई त्या घरीं कायमची थट्टेची झाली होती.

आम्हीं कुशीवरची काजळी घासून काढली व वरून खडू फिरविला. इंग्लंडांतील डडली येथील पीटर राइट या कारखानदाराचें नांव दिसूं लागलें आणि त्याखालीं आंकडे उमटले: १, २, १४.

हे आंकडे इंग्रजी हंड्रेडवेटच्या मापाचे. नांवांत 'शंभर' असलें, तरी हंड्रेडवेट ११२ पौंडांचें. पहिला आंकडा हंड्रेडवेटांचा. दुसरा क्वार्टरांचा, म्हणजे २८ पौंडांच्या पावांचा. तिसरा उरलेल्या पौंडांचा. म्हणूनच मधला आंकडा तिहींच्या वर जात नाहीं आणि शेवटचा सत्तावीसांच्या वर. हा नियम मोडलेला दिसला, तर तें माप निराळें समजावें. अमेरिकन ऐरणींवर नुसते पौंड असतात, युरोपखंडांतील पुष्कळांवर किलो. आमचा हिशेब सोपा होता: ११२, त्यांत ५६, त्यांत १४, एकूण १८२ पौंड, म्हणजे सुमारें साडेब्याऐंशी किलो. व्यापाऱ्याच्या अंदाजांत बावीस किलो लोखंड नाहींसें झालें होतें.

परंतु खरी मौज पुढेंच आहे. मण सर्वत्र एक कधींच नव्हता. बंगाली मण ब्याऐंशी पौंडांहून किंचित् अधिक. मुंबईचा जुना मण मात्र अठ्ठावीसच पौंडांचा, आणि असे वीस मण म्हणजे एक खंडी. मुंबईचा मण आणि इंग्रजांचा क्वार्टर हीं वजनें नेमकीं एक! १८२ पौंडांस २८ नीं भागिलें, तर उत्तर येतें साडेसहा. आजोबांनीं रतिभरही वाढवून सांगितलें नव्हतें. त्यांचा शब्द होता तेथेंच होता. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं, तीं १९५८ च्या आक्टोबरपासून चालू झालीं, आणि मागाहून लोकांनीं मण चाळीस किलोंचा धरला.

वखारीच्या काट्यावर ऐरण ब्याऐंशी किलो भरली. इतक्या वर्षांच्या घणाखालीं थोडी झीज व्हावयाचीच. मुलानें व्यापाऱ्यास परत पाठविलें. मोडींत लोखंडाचा भाव मिळतो, लोहारास ऐरणीची किंमत कळते, हें त्यास उमगलें. पुढें ती संगमेश्वराकडील एका कामकरी लोहारानें नेली. जातेवेळीं त्या माउलीनें तिला हळदकुंकू वाहिलें आणि मुलास म्हटलें, "आतां तरी त्यांना हंसूं नको."

वाचकांपैकीं पुष्कळांच्या माळ्यावर जुने जमाखर्च व खंडी-मणांचे कागद असतील. त्यांतील आंकडे अशक्य वाटले, तर लिहिणाऱ्यास खोटा ठरविण्यापूर्वीं त्याचा मण कोणता होता, एवढें अवश्य पाहावें.